ओझरच्या भिंतीवरच्या चिमण्या

माझ्या सासूनं माझी भिंत चोरली. लोकांचे दागिने जातात, भांडी जातात, माझी भिंत गेली, आणि तीही मी समोर पोह्यांचा ट्रे घेऊन उभी असताना. आता इतकी वर्षं झाली, सासूबाईही गेल्या, तरी हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

मी नाशिकरोडची. वडिलांचं नंबरप्लेटचं दुकान होतं. ही नव्वदीतली गोष्ट, तेव्हा कॉम्प्युटरवर अक्षरं कापणारी मशीनं आमच्यापर्यंत पोचली नव्हती. चिकट पाठीचा रंगीत प्लास्टिकचा कागद यायचा. सगळे त्याला रेडियमच म्हणायचे, मग तो चमको न चमको. तो काचेवर पसरायचा आणि ब्लेडनं हातानं कापायचा. भाऊ दुकानात बसायला कंटाळायचा, म्हणून शाळेतून आले की मी बसायचे. वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एकदा टेकवलेलं ब्लेड मध्येच उचलायचं नाही, आणि गोल कापताना हात नाही फिरवायचा, कागद फिरवायचा. बारावीला जाईपर्यंत माझा हात असा बसला की रिक्षावाले येऊन विचारायचे, ताई आहे का, ताईच्याच हातचं पाहिजे. वडील हसून मला हाक मारायचे. मला तर काय, आकाश ठेंगणं व्हायचं.

लग्न करून सातपूरला आले. नवरा कंपनीत, तीन पाळ्यांमध्ये. घर दोन खोल्यांचं, वर गच्ची. घरात सासूबाई, लग्नाला आलेली नणंद आणि आम्ही दोघं. सासूबाईंना माझ्या माहेरचा कसला राग होता देव जाणे. भाजी खारट झाली की मी नंबरप्लेटवाल्याची, दूध उतू गेलं की नंबरप्लेटवाल्याची. माझ्या वडिलांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं? पण मी ऐकून घ्यायचे. नवीन होते ना.

माहेरी गेले की मी दुकानातले उरलेले तुकडे पिशवीत भरून आणायचे. नंबरप्लेटच्या कामात रंग तरी किती असणार? काळा, पांढरा, पिवळा. एके दिवशी बसल्याबसल्या काळ्या तुकड्यातून एक चिमणी कापली. तिला पिवळी चोच लावली, पोटाला पांढरा तुकडा दिला, आणि अशी काही जिवंत दिसायला लागली की माझं मलाच हसू आलं. मग मी ठरवलं, बाहेरच्या खोलीची मोठी भिंत पिस्त्याच्या रंगाची आहे, तिच्यावर एक काळी फांदी काढायची आणि फांदीभर चिमण्या बसवायच्या.

पण पहिली चिमणी तिसऱ्या दिवशी पडली. कपाटामागं कुणाला दिसणार नाही अशी लावून पाहिली होती म्हणून बरं. उचलून पाहिली तर पाठीला पिठासारखा रंग लागलेला. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, अगं, ती डिस्टेंपरची भिंत आहे, वरून भुरभुरीत. रेडियम भुकटीला चिकटतं, भिंतीला नाही. सुताराकडं पांढरा गोंद असतो तो पाण्यात पातळ कर, भिंतीला एक हात दे, दोन दिवस वाळू दे, मग लाव. पत्र्याच्या जुन्या प्लेटी भुरभुरत, तेव्हा ते हेच करायचे.

आता सासूबाईंच्या भिंतीला गोंद फासायचा म्हणजे महाभारतच. मी वाट बघत राहिले. सासूबाई आणि नणंद लग्नाला म्हणून चार दिवस निफाडला मामांकडे गेल्या, आणि मी डाव साधला. पहिल्या दिवशी गोंद दिला. दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळवली. नवरा विचारायला लागला कसला वास येतोय, म्हटलं फरशी पुसलीये. चौथ्या दिवशी फांदी आणि सत्तावीस चिमण्या. एकेक चिमणी वरून टेप लावून कागदावरून उचलायची, भिंतीवर टेकवायची, कापडानं घासायची आणि टेप अलगद सोडवायची. एकीसारखी दुसरी नव्हती. एक पिसं साफ करतेय, दोघी भांडतायत, एक रुसून पाठ करून बसलीये. संध्याकाळी उन्हाची तिरीप भिंतीवर आली आणि मी पायरीवर बसून एकटीच बघत राहिले.

सासूबाईंनी आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आधी तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, घराची रिक्षा करून ठेवली. नणंद मात्र भिंतीला नाक लावून एकेक चिमणी बघत होती. तेव्हा ती विशीतली, टायपिंगच्या क्लासला जायची, स्वभावानं गरीब. आमचं बरं होतं दोघींचं. त्या गोंदाबद्दल मात्र मी तिलाही बोलले नाही. सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर माझी धडगत नव्हती.

वर्षभर सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमच्या सुनेचं रिक्षास्टँड बघा. बायका हसायच्या. मी चहा द्यायचे.

आणि मग नणंदेला बघायला ओझरचे पाहुणे आले. मुलगा विमानाच्या कारखान्यात, घरचं चांगलं, मुलगा, त्याचे आईवडील आणि एक आत्या. आपल्याकडे कसं असतं, मुलगी बघायला आले की तिच्या हातच्या वस्तू मांडायच्या. क्रोशाचा रुमाल, भरतकामाची उशी, मण्यांचं तोरण. आमच्या नणंदेचं विणकाम म्हणजे दोन ओळींनंतर सोडून दिलेला स्वेटर. टीपॉयवर मांडायला काही नव्हतं. मुलाची आई खुर्चीत बसली आणि तिची नजर भिंतीवर गेली ती तिथंच राहिली. म्हणाली, किती सुरेख आहे हो हे, कुणी केलं? मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच होते. माझं तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या:

"आमच्या हिनंच केलंय सगळं. हातात कलाच आहे तिच्या. बसली की तासन् तास उठत नाही."

वर्षभर जी रिक्षा होती ती एका क्षणात कला झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नणंदेकडं पाहिलं. साडीत गुंडाळून पाटावर बसवलेली, मान खाली.  मला वाटलं होतं, निदान वर तरी बघेल माझ्याकडं. नाही बघितलं. मी पोहे वाटले. रागारागात आत्याबाईंच्या बशीतले शेंगदाणे सांडले, तर सासूबाई पाहुण्यांना म्हणतात कशा, सून जरा वेंधळी आहे.

मग मुलाला आणि मुलीला गच्चीवर दहा मिनिटं बोलायला पाठवलं. खाली मुलाची आई चिमण्या मोजत होती. संध्याकाळी होकाराचा निरोप आला.

पाहुणे गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि मला बजावलं, कुठं बोलायचं नाही, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, जाऊ दे ना, जमलं ना लग्न. जाऊ दे! त्याच्या तोंडात हा शब्द कायमचा बसवलेला. त्याला काय, त्याचं काही गेलं नव्हतं. माझ्याकडं त्या घरात माझं म्हणावं असं काय होतं? साड्या सासूबाईंच्या पसंतीच्या, भांडी त्यांची, डब्यात काय भरायचं ते त्यांच्या हुकमानं. ती एक भिंत होती, आणि ती नणंदेच्या रुखवतात गेली. मी मनात ठरवलं, याचं उट्टं काढल्याशिवाय राहणार नाही. लग्नात नाचले, हळद लावली, पाठवणीला रडलेसुद्धा, आणि सगळा वेळ डोक्यात तेच.

संधी चालत आली. लग्नानंतरची पहिली संक्रांत. नणंदेचं हळदीकुंकू ओझरला तिच्या सासरी होतं, कॉलनीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं. नव्या नवरीला काळी साडी, हलव्याचे दागिने. दहा दिवस आधी ती माहेरी आली आणि म्हणाली, वहिनी, आमच्या हॉलच्या भिंतीला पण चिमण्या हव्यात, माझ्या सासूबाईंची फार इच्छा आहे, कापून देशील? मी विचारलं, भिंत कसली आहे? म्हणाली, इथल्यासारखीच, डिस्टेंपर. माझ्या मनात टाळी वाजली.

ती पुढं म्हणाली, तूच चल ना ओझरला. तूच लाव. दोन दिवस राहा. मला वाटलं, बघा, फुकटची मजूर पाहिजे हिला, मी भिंतीला लावायचं आणि हिनं हलव्याचे दागिने घालून मिरवायचं. मी म्हटलं, मला कुठला वेळ. ती काहीतरी सांगायला लागली, पण तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. म्हणाल्या, ती कशाला येईल, सगळं बिंग फोडायला? दे गं तू कापून. 

आठ दिवस मी कापत होते. खरं सांगते, आधी मनात आलं होतं, मुद्दाम वेड्यावाकड्या कापाव्या. पण हात ऐकेना. उलट म्हटलं, सुरेखच झाल्या पाहिजेत, म्हणजे बायका आधी तोंड भरून कौतुक करतील आणि मग पडल्या की चांगल्या लक्षात राहील त्यांच्या. चाळीस चिमण्या कापल्या. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. एकीच्या चोचीत गवताची काडी होती, ती दोऱ्याएवढी बारीक. सगळ्या टेप लावून, वर्तमानपत्रात सपाट ठेवून, पिशवीत घालून दिल्या. कशा लावायच्या ते नीट शिकवलं. टेकवायची, घासायची, टेप सोडवायची. दाराशी चपला घालताना तिनं विचारलं:

"वहिनी, भिंतीला आधी काही करावं लागतं का गं?"

"काही नाही. कोरड्या फडक्यानं पुसून घे आणि लाव."

बस. एवढंच. माझ्या वडिलांनी सांगितलेली गोष्ट मी गिळून टाकली आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. ती रिक्षात बसेपर्यंत मी हसून हात हलवला.

हळदीकुंकवाला सासूबाई एकट्याच गेल्या. मला पाळी आली होती, आणि त्या घरात त्या दिवसांत कुठं जायचं नसायचं. मी घरी बसून सगळं डोळ्यांसमोर आणत होते. बायका ओळीनं सतरंजीवर बसल्यात. नणंद वाण देतेय. आणि एक चिमणी सुटली. ती तिळगुळाच्या ताटात. दुसरी कुणाच्या तरी अंबाड्यावर. मुलाची आई विचारतेय, अगं, तूच केलंस ना माहेरी, मग आता काय झालं? आणि माझी सासू लुगड्याच्या पदरानं घाम पुसतेय. इतकं छान वाटत होतं मला.

अंधार पडता पडता सासूबाई परतल्या. चेहरा काळाठिक्कर. मी पाणी दिलं, भोळेपणानं विचारलं, कसं झालं हळदीकुंकू?

म्हणाल्या, "पडल्या तुझ्या चिमण्या."

निम्म्याहून जास्त दुपारपासून पडत होत्या, रंगाचे पोपडे घेऊन. भिंत खरूज झाल्यासारखी दिसत होती. बायका पायाखालच्या चिमण्या वेचत होत्या. एवढं सांगून सासूबाई आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपल्या, जेवल्या नाहीत. मी जेवले. दोन गुळाच्या पोळ्या जास्त खाल्ल्या, वर तूप घेऊन. कितीतरी महिन्यांनी मला शांत झोप लागली.

त्यानंतर नणंद दोन-तीनदा माहेरी येऊन गेली. चिमण्यांचा विषय तिनं काढला नाही, मी तर नाहीच नाही. मला वाटायचं, शरमलीये. बरं झालं, म्हणायचे मी मनात.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात आमच्याकडे डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांची वाडी, गल्लीतल्या बायका. ओझरहून तिची सासू आली. लग्नात धावपळीत आमचं बोलणं झालं नव्हतं, आणि नंतर मी ओझरला कधी गेलेच नव्हते. ओटी भरून झाली, बायका गप्पा मारत बसल्या, आणि ती उठून माझ्या भिंतीपाशी गेली. चष्मा चढवून बघत राहिली. मग वळून सगळ्यांसमोर मला म्हणाली:

"तुझ्याच ना गं ह्या? आम्हाला पहिल्या दिवसापासून माहितीये."

मला काही कळेना. ती खुर्ची ओढून बसली आणि मोकळेपणानं सांगायला लागली. त्या दिवशी गच्चीवर गेल्या गेल्या मुलीनं मुलाला सांगितलं होतं, खालची भिंत माझी नाही, माझ्या वहिनीची आहे, मला यातलं काही येत नाही, खोटं सांगून मला लग्न करायचं नाही. मुलानं घरी जाताना गाडीत आईला सांगितलं. आणि आई म्हणाली, मग हीच मुलगी करायची. विहीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी लग्नात हा विषय काढला नाही. पण आता घरचेच झालो, म्हणून हळदीकुंकवाला तिनं स्वतः उभं राहून सगळ्या बायकांना सांगितलं होतं, हे आमच्या सुनेच्या वहिनीचं काम बरं का, सातपूरची, वडील नंबरप्लेट करायचे, काय हात आहे बघा पोरीचा. माझी सासू तेव्हा पहिल्या ओळीत बसलेली होती. सगळ्या कॉलनीसमोर, मान खाली घालून, ती माझं कौतुक ऐकत होती.

मी दोन वर्षं जे मागत होते ते सगळं त्या दिवशी त्या सतरंजीवर मांडलेलं होतं. सूड म्हणावा तर याहून चांगला मला सुचलाही नसता. आणि त्याच वेळी वरून माझ्या चिमण्या पडायला लागल्या होत्या.

"एवढं तोंड भरून सांगितलं आणि बघ," ती हसत म्हणाली. "पण होतं गं असं. हात बसेल तुझा हळूहळू."

हात बसेल. पंधराव्या वर्षापासून ब्लेड धरणाऱ्या मला ती बाई प्रेमानं सांगत होती, हात बसेल. तिच्या बोलण्यात कुठं टोमणा नव्हता, तेच मला झोंबत होतं. वडिलांचंही नाव तिनं त्या बायकांना सांगितलं होतं, आणि त्या ओझरच्या कॉलनीत आता सगळ्यांना ठाऊक होतं की नंबरप्लेटवाल्याच्या मुलीचं काम दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

मग तिनं पुन्हा भिंतीकडं बघितलं आणि सहज विचारलं, "पण मग इथं कशा गं टिकल्या? इथली तर एक हललेली नाही."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. नणंद फुलांच्या वाडीत बसलेली होती, ती पण. मला एक वाक्य बोलायचं होतं. भिंतीला आधी गोंद द्यावा लागतो. एवढं बोलले असते तर माझ्या हातावरचा डाग गेला असता, वडिलांच्या नावावरचाही गेला असता. आणि लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग हिला का नाही सांगितलंस? नणंदेची नजर माझ्यावरून भिंतीवर गेली. फांदीच्या खाली जिथं गोंदाचा हात संपला होता, तिथं गोंदानं भिंतीला आलेली चकाकी संपलेली दिसायची, बघणाऱ्याला. ती तिथंच बघत राहिली. मग तिनं परत माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. मला दिसलं की तिला कळलं, आणि ती काही बोलणार नाही हेही दिसलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता.

"अहो विहीणबाई, त्यात काय. इथला आमचा रंगारी चांगला होता. रंगच असा पक्का दिला होता त्यानं, काहीही लावा, टिकतं. हो ना गं?"

त्या माझ्याकडं बघत होत्या. सगळ्याच बघत होत्या. आणि माझी सत्तावीस चिमण्यांची भिंत, मी माझ्या तोंडानं, चारचौघीत, कुठल्याशा रंगाऱ्याला देऊन टाकली.

"हो ना," मी म्हणाले. "रंगारी चांगला होता."